पत्रे वर चढवताना दोरातून सुटतात, उपाय?

शेडवाला, जळगाव: एमआयडीसीत ८ मीटर उंच शेड. २० फुटी, ०.५ मिमीचे रंगीत पत्रे, पाच-पाच एका दोरात बांधून ओढतात. वारा आला की गठ्ठा गरगर फिरतो, आतला पत्रा सरकतो. गाठ बदलावी का?

फॅब्रिकेटर, धुळे: भाऊ, दोष गाठीचा नाही. एक पत्रा साधारण २९ किलो, पाचांचे जवळपास दीडशे, त्यात रंग गुळगुळीत. मधोमध एकच दोर असला की टोकं झुकतात आणि आतला पत्रा निसटतो. दोन पट्टे घ्या, दोन्ही टोकांपासून ५-५ फुटांवर, पूर्ण वेढा देऊन आवळा. पत्र्याची धार पट्टा कापते, तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला. गठ्ठा फिरू नये म्हणून एका टोकाला वेगळा दोर बांधा. तो धरणारा बाजूला उभा राहील, गठ्ठ्याखाली नाही. मे महिन्यात दुपारी वावटळ उठते, चढवणं सकाळीच उरका.

नंदुरबारकर: वर पोचलेला गठ्ठा पर्लिनच्या (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्टीच्या) मध्यावर टेकवू नका, राफ्टरवर (पर्लिन पेलणाऱ्या तिरक्या मुख्य तुळईवर) ठेवून लगेच बांधा. जेवायला उतरतानाही सुटा पत्रा ठेवायचा नाही. स्क्रू मशीनला दोरी हवीच. ८ मीटरवरून पडलेली वस्तू ताशी ४५ किमी वेगाने आदळते.

शेडवाला, जळगाव: हेल्मेट सगळ्यांना दिलेत.

फॅब्रिकेटर, धुळे: ते स्क्रू-पान्यासाठी, दीडशे किलोसाठी नाही. खालची जागा दोरी लावून बंदच करा, वारा जिकडे वाहतो तिकडे जास्त, कारण पत्रा तरंगत जातो. मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.