'फ्री स्टेट'ला मराठीत काय म्हणायचं? ('स्वतंत्र राज्य' चालत नाही)

कंदील:
अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्तारावरचा एक मजकूर नववी-दहावीच्या मुलांसाठी मराठीत आणते आहे. एका साध्या वाक्यापाशी चार दिवस अडले आहे. २९ जानेवारी १८६१ ला कॅन्सस 'फ्री स्टेट' म्हणून अमेरिकी संघराज्यात आलं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, "कॅन्सस स्वतंत्र राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले." सासऱ्यांना वाचायला दिलं. ते निवृत्त तलाठी आहेत, कागद ओळ-ओळ वाचतात. त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "स्वतंत्र झालं तर सामील कसं झालं? आणि सामील झालं तर स्वतंत्र कसलं?"

त्यांचं बरोबर आहे. इथे 'फ्री'चा अर्थ एवढाच, की त्या राज्यात माणसाला माणूस विकत घेता येत नाही. हे एका शब्दात, फार तर दोन शब्दांत कसं सांगायचं? हा शब्द मजकुरात निदान तीसेक वेळा येतो, त्यामुळे दर वेळी स्पष्टीकरण देत बसणं शक्य नाही.

मोडीवाचक:
'मुक्त राज्य' लिहा. जुन्या पाठ्यपुस्तकांत असंच वाचल्याचं आठवतं.

कंदील:
तेही करून पाहिलं. 'मुक्त राज्य' म्हटलं की मुलांना मुक्त विद्यापीठ आठवतं, म्हणजे कुणीही यावं असं. आणि 'गुलामगिरीमुक्त राज्य' लांबलचक होतं.

गोदाकाठ:
लांबीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे '-मुक्त' मागे लागला की ती गोष्ट आधी होती आणि आता घालवली, असा अर्थ निघतो. आमच्या गावच्या वेशीवर दोन पाट्या आहेत, 'हागणदारीमुक्त गाव' आणि 'तंटामुक्त गाव'. जिथे तंटा कधी नव्हताच त्या गावाला तंटामुक्त कुणी म्हणत नाही.

आता कॅन्ससचं बघा. १८२० च्या मिसूरी तडजोडीत ठरलं होतं की लुइझियाना खरेदीतल्या (फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) मुलखात, मिसूरी सोडून, ३६ अंश ३० मिनिटे अक्षवृत्ताच्या वर गुलामगिरी नसेल. कॅन्सस त्या रेषेच्या वर येतं. म्हणजे कागदोपत्री तिथे ती नव्हतीच. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषा पुसली, तेव्हा दार उघडलं. मग 'मुक्त' कशापासून?

प्रेरीतला पुणेकर:
कागदोपत्री नव्हती, हे बरोबर. प्रत्यक्षात कायदा झाल्या झाल्या शेजारच्या मिसूरीतून काही लोक आपल्या गुलामांना घेऊन कॅन्ससमध्ये राहायला आले. संख्या थोडी होती, पण गुलाम माणसं तिथे होती. त्यामुळे 'मुक्त' अगदीच चूक म्हणता येणार नाही.

मी राहतो तिथून लॉरेन्स तासाभरावर आहे. न्यू इंग्लंडमधून गुलामगिरीला विरोध करणारे लोक येऊन १८५४ मध्ये हे गाव वसलं. आजही तिथल्या एका शाळेचं नाव 'फ्री स्टेट' आहे. माझ्या मुलीने तिसरीत असताना विचारलं होतं, "बाबा, ही शाळा फुकट आहे का?" तेव्हापासून हा शब्द माझ्याही डोक्यात आहे.

वर्धेकर:
मी एक सुचवतो. आमच्याकडे दारूबंदी जिल्हा असतो, तसं 'गुलामबंदी राज्य'. कायद्याने बंदी आहे हे पहिल्या ऐकण्यात कळतं. शेजारच्या जिल्ह्यात बंदी नसली की सीमेवर काय काय चालतं, हेही आमच्या मुलांना वेगळं सांगायला नको.

गोदाकाठ:
कल्पना चांगली आहे, पण 'बंदी'ला दोन तोंडं आहेत. बंदी म्हणजे मनाई, तसंच बंदी म्हणजे कैदी. बंदिवान, बंदिशाळा, राजबंदी. 'गुलामबंदी' वाचून एखाद्या मुलाला वाटेल की गुलामांना कोंडून ठेवणारं राज्य. आणि माणसांच्या प्रश्नाला दारूचा साचा वापरणं मला पटत नाही.

वर्धेकर:
साचा दारूचा नाही, कायद्याचा आहे. हुंडाबंदी म्हणतो, बालविवाहबंदी म्हणतो. दोन अर्थांची भीती असेल तर 'गुलामगिरीबंदी' म्हणा. कैद गुलामगिरीला होत नसते.

शुद्धलेखक:
मुळात 'गुलाम' हाच शब्द कशासाठी? 'दास', 'दास्य' हे आपले शब्द आहेत. 'दास्यरहित राज्य' नेमकं आहे आणि कुठल्याही अर्थाने संदिग्ध नाही.

मोडीवाचक:
'दास' चालणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. मराठी कानाला दास म्हणजे रामदास, तुकोबांच्या अभंगातला विठ्ठलाचा दास. त्या शब्दात माणूस स्वतःहून वाकलेला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात चौथऱ्यावर उभं करून, दात तपासून विकलेल्या माणसाला दास म्हणणं म्हणजे त्याने ते स्वीकारलं होतं असं सुचवणं आहे.

आणि 'गुलामगिरी' मराठीत उपरी राहिलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुस्तकाला हेच नाव दिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. तुमच्या विषयाशी मराठीचा याहून थेट संबंध दुसरा सापडणार नाही. शब्द तिथूनच घ्या.

शुद्धलेखक:
फुल्यांबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यांनी वापरला म्हणून तो एकच शब्द, हा नियम होऊ शकत नाही. '-गिरी' हा प्रत्यय फारसी आहे आणि तो धंदा किंवा वागणूक दाखवतो: कारागिरी, शिपाईगिरी, दादागिरी. गुलामाने 'गिरी' केलेली नसते, त्याच्यावर ती लादलेली असते. व्याकरणाच्या अंगानेही हा शब्द लंगडा आहे.

मोडीवाचक:
दीडशे वर्षं चालणारा शब्द लंगडा कसा? वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं ते बघा.

सांजवात:
'गुलाम'चा माग काढला तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. अरबीत त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. अमेरिकेच्या दक्षिणेत पन्नाशीच्या गुलामालाही गोरे लोक 'बॉय' म्हणूनच हाक मारत, आणि गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही कितीतरी वर्षं ती हाक गेली नाही. दोन भाषा, दोन खंड, आणि मालकाच्या तोंडी शब्द तोच. आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या हॉटेलात टेबल पुसणारे एक गृहस्थ होते, केस पांढरे झालेले. गिऱ्हाईक त्यांना 'ए पोऱ्या' म्हणत. माझ्या वडिलांनी एकदा त्यांना 'अहो' म्हटलं, तेव्हा ते हातातलं फडकं तसंच धरून थांबले होते. ते फडकं मला अजून दिसतं.

कंदील:
सांजवातताई, हे मी मजकुरात कुठेतरी आणणारच. पण माझा प्रश्न 'फ्री'चा होता. आणि त्याच्या मागोमाग दुसरी अडचण उभी आहे: 'टेरिटरी', म्हणजे अजून राज्य न झालेला मुलूख. कॅन्सस १८५४ ते १८६१ 'टेरिटरी' होतं. मी 'प्रदेश' लिहिलं, तर सासरे म्हणाले, "मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश ही तर राज्यं आहेत."

वर्धेकर:
'केंद्रशासित प्रदेश' म्हणा. नागरिकशास्त्रात मुलांनी शिकलेलं असतं. राज्यपाल वॉशिंग्टनहून नेमलेला असायचा, त्यामुळे अर्थही जवळ जातो.

प्रेरीतला पुणेकर:
जवळ जातो, पण पूर्ण बसत नाही. सगळं भांडण नेमकं ह्याच शब्दावर होतं. राज्यात गुलामगिरी ठेवायची की नाही हे राज्य ठरवणार, इथवर फारसा वाद नव्हता. पण 'टेरिटरी'त कुणी ठरवायचं? १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य विल्मट यांनी मांडलं की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरी येऊच देऊ नये. प्रतिनिधिगृहात ते मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं. कॅन्सस-नेब्रास्का कायदा मांडणारे सिनेटर डग्लस म्हणाले, तिथल्या वसाहतकऱ्यांनाच ठरवू द्या. आणि ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याच्या १८५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेरिटरीत गुलामगिरीला मनाई करण्याचा अधिकार काँग्रेसलाही (अमेरिकेच्या संसदेलाही) नाही. 'केंद्रशासित' म्हटलं की केंद्र हवं ते करू शकतं असं मुलं धरून चालतील, आणि वाद कशाचा होता हेच त्यांना कळणार नाही.

गोदाकाठ:
डग्लस यांच्या त्या धोरणाचं नाव 'पॉप्युलर सॉव्हरिनिटी'. कंदीलताई, त्याचं काय केलंत?

कंदील:
'लोकसार्वभौमत्व'. आणि ते लिहिल्यापासून अस्वस्थ आहे. शब्द इतका भारदस्त आहे, की वाचणाऱ्याला वाटावं काहीतरी फार न्याय्य चाललं होतं.

प्रेरीतला पुणेकर:
अस्वस्थ व्हायलाच हवं. ३० मार्च १८५५ ला कॅन्ससच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. त्याआधीच्या शिरगणतीत मतदार भरले होते २,९०५. मतं पडली ६,३०७. मिसूरीतले लोक घोड्यांवरून, गाड्यांतून, बंदुका घेऊन आले, मतं टाकली आणि परत गेले. शिवाय 'लोक' म्हणजे तरी कोण, तर गोरे पुरुष. ज्यांच्या गळ्याशी प्रश्न आला होता त्यांना मत नव्हतंच.

मोडीवाचक:
मग 'कौल' वापरा. हा शब्द इथे दोन्हीकडून बसतो. आज आपण 'जनतेचा कौल' म्हणतो, तो मताचा. पण मराठेशाहीच्या कागदांत कौल म्हणजे पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला सरकारने लिहून दिलेलं आश्वासन: येऊन वसा, पहिली वर्षं सारा थोडा, मग इस्ताव्याने, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांनी, चढत जाईल. वस्ती, जमीन आणि निर्णय ह्या तिन्ही गोष्टी एका शब्दात येतात. 'वसाहतकऱ्यांचा कौल'.

दर्यावर्दी:
आमच्या कोकणात कौल देवाला लावतात. मूर्तीला फुलं किंवा कळे चिकटवायचे, उजवा पडला तर होकार. आणि हा कौल घेताना गुरव बाहेरगावच्या माणसाला हात लावू देत नाही. मिसूरीवाल्यांनी येऊन मतं टाकली हे वाचताना हेच मनात आलं. कौल ज्याच्या गावाचा त्याचा.

कंदील:
'वसाहतकऱ्यांचा कौल' मी घेतला. मनापासून आभार. आता 'फ्री स्टेट'...

गोदाकाठ:
थांबा, पश्चिमेकडच्या विस्ताराला तुम्ही 'विस्तार' म्हणताय का? तो शब्द फार सोज्वळ आहे. 'मुलूखगिरी' का नको?

मोडीवाचक:
मुलूखगिरीला निघालेली फौज दसऱ्याला बाहेर पडायची, चौथ-खंडणी वसूल करायची आणि पावसाळ्याआधी घरी यायची. अमेरिकेतले लोक बैलगाड्यांत बायकापोरं, नांगर आणि बियाणं घालून निघाले आणि तिथेच राहिले. मुलूखगिरी मुळीच नव्हे.

वर्धेकर:
मग सरळ 'अतिक्रमण' म्हणा. तिथे 'स्क्वॉटर' असत, मोजणी होण्याआधीच जमिनीवर बसलेले. १८४१ च्या कायद्याने अशा माणसाला १६० एकर, एकरी सव्वा डॉलरने, इतरांच्या आधी विकत घ्यायचा हक्क दिला. आमच्याकडे गायरानावर घाम गाळणाऱ्या भूमिहीनाला दर दोन वर्षांनी नोटीस येते. तिकडे बसला तोच मालक झाला.

सांजवात:
आणि 'फ्री'बद्दल एक राहून जातंय. गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काळी माणसंच नको होती. १८५५ मध्ये टोपेका इथे गुलामगिरीविरोधी गटाने जी घटना केली, तिच्यासोबत स्वतंत्र काळ्या लोकांनाही कॅन्ससमध्ये येऊ देऊ नये असं मतदारांनी ठरवलं. ऑरेगनने १८५७ मध्ये तेच केलं, गुलामगिरीला मनाई आणि काळ्या माणसालाही मनाई. त्यामुळे 'मुक्त', 'स्वतंत्र' असे उजळ शब्द नकोतच. 'गुलामगिरीबंदी' हा कोरडा शब्द मला म्हणूनच योग्य वाटतो. जेवढं झालं तेवढंच तो सांगतो.

शुद्धलेखक:
'दास्यबंदी'ही तेवढंच सांगतो, आणि तीन अक्षरं वाचतात.

कंदील:
सासऱ्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते १६० एकरांपाशी थांबले. मी त्यांना सांगितलं, की तिथे १७८५ पासून जमीन मैल बाय मैलाच्या चौकोनांत मोजली जायची. एका चौकोनाला 'सेक्शन' म्हणत, ६४० एकरांचा. १६० म्हणजे त्याचा पाव. त्यांनी कागदावर चौकोन काढला, चार भाग केले, आणि विचारलं, "ह्याआधी सातबारा कुणाच्या नावावर?"

मी शोधलं. कॅन्सस हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते कॉ लोक, ओसेज लोक, आणि पूर्वेकडून हुसकून तिथे आणून बसवलेले शॉनी आणि डेलावेअर. शॉनी आणि डेलावेअरांकडून बहुतेक जमीन मे १८५४ च्या करारांत लिहून घेतली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला. सासरे म्हणाले, "म्हणजे फेरफार आधी करून घेतला, मग वाटप." आता त्या प्रकरणाला 'फेरफार' असंच शीर्षक द्यावं का, ह्या विचारात आहे. 'फ्री स्टेट' अजून रिकामाच आहे.

दर्यावर्दी:
'गुलाम'वरून आठवलं. वर्तमानपत्रांत रोज 'सत्तेची बटीक' लिहितात. पेशवाईच्या कागदांत बटकी आणि कुणबिणी विकत घेतल्याच्या नोंदी आहेत, किंमतीसकट. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. तो शब्द आपण इतका सहज कसा काय वापरतो?

मोडीवाचक:
त्यासाठी वेगळा धागा काढा, माझ्याकडे 'कुणबीण' शब्दावर बरंच लिहिण्यासारखं आहे. आधी एवढंच, की त्या 'कुणबीण'चा अर्थ कुणब्याची बायको असा नाही.

गोदाकाठ:
मूळ अर्थ तोच होता. नंतर बदलला.

मोडीवाचक:
कशावरून?