फुटपाथबद्दल (सोसायटी ग्रुप)

ए-३०२: नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी सासूबाई भाजीला निघाल्या आणि विजेच्या डीपीपुढचा तो हलणारा पेव्हर ब्लॉक आहे ना, तिथे पाय मुरगळला. तोल सावरायला त्यांनी डीपीचा पत्रा धरला, पावसात काय झालं असतं? मागेही लिहिलं होतं, तेव्हा नुसते अंगठे आले.

बी-१०४: अरेरे. बर्फाने शेका, पाय उंचावर ठेवायला सांगा आजींना 🙏

बी-५०१: वहिनी काळजी घ्या. पण एक सांगू का, चालण्यासाठी आपलं कोथरूड बेस्टच आहे, किराणा, बँक, मेडिकल, मेट्रो सगळं ७ मिनिटांत. ऑफिसातल्या हिंजवडीवाल्यांना दुधाला पण गाडी काढावी लागते.

ए-३०२: ७ मिनिटं तुमची. सासूबाईंना चढा, उतरा, पुन्हा चढा करत त्याच मेट्रोला २० लागतात. रिक्षावाला एवढ्या जवळ येत नाही. मग त्या जातच नाहीत कुठे.

सी-२०३: पहिले आपल्या भिंतीलगत फुटपाथवर लावलेल्या गाड्या काढा. मग बाकीचं बोला.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक रोख नको. पार्किंगचा विषय एजीएममध्ये (वार्षिक सभेत) झालेला आहे.

सी-२०३: झालेला आहे, सुटलेला नाही.

ए-४०१: तुळशीबागेत मात्र भगिनीवर्ग ४ तास न थकता चालतो 😂

ए-३०२: काका, तिथे मागून हॉर्न देत कोणी अंगावर येत नाही म्हणून चालतो. ११ डिसेंबरला, पादचारी दिनाला, लक्ष्मी रोडवर गाड्या बंद असतात तेव्हा बघा, तीच म्हातारी माणसं कशी रमतगमत फिरतात.

बी-३०३: आमची लेक क्लासवरून ९ ला येते, फुटपाथवर झाडांखाली मिट्ट अंधार म्हणून भर रस्त्यातून चालते. मला दोन्हीची भीती वाटते.

सी-४०४: मी आर्किटेक्ट म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर लागते, दोन व्हीलचेअर समोरासमोर जाव्यात म्हणून, आणि कडेची उंची १५० मिमीच्या वर नको. पुण्याचं पादचारी धोरण २०१६ चं आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की चालण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क आहे. जंगली महाराज रोडवर जाऊन या, रुंद फुटपाथ, बसायला बाक, आपल्याच शहरात झालंय हे.

बी-५०१: तिथे पण टू व्हीलर चढतातच की सर.

सी-४०४: चढतात, पण माणसाला सरकायला जागा उरते. आणि आपल्या गेटचा रॅम्प बघा, गाडीला धक्का नको म्हणून फुटपाथच कापून खाली घेतलाय. खरं तर फुटपाथ सलग हवा, चढ गाडीने चढायचा.

सेक्रेटरी: रॅम्प बिल्डरच्या वेळचा आहे, या कमिटीचा संबंध नाही. कृपया नोंद घ्यावी.

सी-२०३: आणि गाड्या? त्या पण बिल्डरच्या का? पहिले त्या काढा.

ए-३०२: रॅम्प कोणाचा ते जाऊ दे हो. रविवारी १० ला टेप घेऊन गेटपाशी या, गेटपासून मेट्रोपर्यंत मोजू, फोटो काढू, सगळ्यांच्या सह्यांनी एकच तक्रार देऊ. मी लिहून आणते.

बी-३०३: मी येते. दिव्यांचं पण टाका त्यात.

सी-२०३: येतो. पण पहिले गाड्या.

बी-५०१: माझी शनिवारी रात्री आत घेतो. बी-१०४, तुमची ॲक्टिव्हा तेवढी हलवा, तिच्यामुळे निघत नाही.