मदत हवी आहे: बहिणीसाठी आधी सायकियाट्रिस्ट की थेरपिस्ट?

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. गेले तीन महिने तिला धड झोप नाही, जेवणावरची वासना गेलीय. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसते, हातातला चहा तसाच गार होतो. जीव द्यायचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाली.

सायकियाट्रिस्ट म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, इतपत मला कळतं. झोप आणि भूक दोन्ही गेल्यात, म्हणून आधी सायकियाट्रिस्टच गाठावा असं मला वाटतं. पण तिला औषधांची धास्ती आहे. थायरॉइडची तपासणी मात्र आधी करून घेणार आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. मागे एका समुपदेशकाकडे गेलो होतो. तिचं ऐकून न घेताच त्यांनी वीस मिनिटांत सल्ले देऊन वाटेला लावलं. परवा तीच स्वतःहून म्हणाली, "ताई, परत एकदा बघूया का?" आता पुन्हा तसंच झालं तर ती तोंड उघडणार नाही.

वेळ घेतानाच फोनवर काय विचारावं? शिक्षण, नोंदणी, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) करतात का, आणखी काय? किती सेशन्सनंतर थेरपिस्ट बदलायचं ठरवावं? पहिल्या वेळी मी आत बसावं की बाहेर थांबावं? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.