मानवेलाचा तिरकामठा : खालचं पातं लवतं, वरचं ताठ

शिरपूर_बांध
राम राम मंडळी. पहिलाच तिरकामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, करतोय. बांधावरचा भरीव मानवेल बांबू, लांबी ६४ इंच, मधे सव्वा इंच रुंद, टोकांना अर्धा. माझी उंची ५ फूट ५, ओढ (पूर्ण ताणायला लागणारा जोर) ३० पौंडांची हवी. दोरी चढवली की खालचं पातं (मुठीखालची अर्धी बाजू) लवतं, वरचं हलत नाही. खालच्या पात्यात एका पेराशी तर कोन पडल्यासारखा दिसतोय. कुठं तासू? बांबू दिवाळीनंतर तोडला, दीड महिना सावलीत आहे.

सातपुडा_पायथा
भाऊ, आधी दोरी उतरव. असा वाकडा धनुष्य चढवून ठेवला की खालचं पातं तासागणिक मरतं.

पेराशी कोन पडतो तो बहुतेक आतल्या बाजूने पेराचा उंचवटा सपाट केल्यामुळे. पेरात तंतू सरळ जात नाहीत, वळून जातात. तिथं कापले की जोर उरत नाही, म्हणून पोटाकडून पेर केसभर जाडच ठेवायचं. आता त्या जागेच्या दोन्हीकडे दोन-दोन इंच पेन्सिलीने खूण कर आणि तिथं कानस लावूच नको. बाकीचं सगळं तिच्या बरोबरीला आणायचं. ओढ २४-२५ पौंडांवर येईल, ती मान्य कर.

तासायचं फक्त पोटाकडून, म्हणजे तुझ्याकडे येणाऱ्या बाजूने. पाठीवर बांबूची साल असते, ओढताना सगळा ताण तीच झेलते. तिच्यावर कोयत्याचा ओरखडा दिसला तरी सँडपेपरने गुळगुळीत कर, नाहीतर चीर तिथूनच सुटते.

आणि हात आवर. जोर जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. पातं १४ चं १३ मिलिमीटर झालं की ताकदीचा पाचवा हिस्सा गेला. रुंदीत तेवढाच एक मिलिमीटर काढला तर फरक जाणवतही नाही. म्हणून आता कोयता बाजूला ठेव. कानस, नाहीतर फुटक्या काचेची धार. १५-२० हात मार, मग २५-३० वेळा अर्धवट ओढ, तेव्हा कुठं बदल दिसतो. दोष दिसला त्याच्या पुढं एक इंचही ओढू नको.

तापीकाठ
वरच्या सल्ल्यात एक भर. काठी उलटी धर! बाण मुठीच्या वरून जातो, म्हणून खालचं पातं किंचित ताठ असावंच लागतं. तुझं ताठ पातं खाली गेलं की निम्मं काम कमी होईल.

वाळण्याचं : दीड महिना भरीव मानवेलाला कमी पडू शकतो. अंदाजावर जाऊ नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर तीन दिवसांनी वजन कर. आठवडाभर आकडा हलला नाही की वाळला. ओल्यावर ओढलास तर दोरी काढल्यावरही बाक राहतो. एक-दीड इंच चालतो, त्यापुढं बाण मंद सुटतो. पण घाईने पत्र्यावर टाकू नको, आपल्याकडच्या उन्हात टोकांपासून तडकतो. टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लाव.

पूर्ण वाळल्यावर पोटाची बाजू निखाऱ्यांवर वीतभर उंच धरून फिकट तपकिरी होईपर्यंत शेकली तर दाब जास्त सोसते. साल शेकायची नाही. शेकल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही, हवेतला ओलावा परत घेऊ दे, नाहीतर कटकन मोडेल.

शिरपूर_बांध
धन्यवाद दादा. दोरी आत्ता नायलॉनची आहे. आणि हा बिघडलाच तर वखारीतून लाकडाची पट्टी आणून करता येईल का?

सातपुडा_पायथा
नायलॉन ताणतो, त्यामुळे बाकाचा अंदाज चुकतो. डेक्रॉनच्या (पॉलिस्टर धाग्याच्या) १२ पदरांची दोरी पीळ देऊन कर. भिल्लांच्या तिरकामठ्याला बांबूच्या सालीचीच चपटी दोरी असते आणि ती अजिबात ताणत नाही, पण बाक साधल्याशिवाय ती चढवू नको, झटका सगळा पात्यांना बसतो. चढवल्यावर मूठ आवळून अंगठा उभा केला की जेवढं होतं तेवढं अंतर मुठीपासून दोरीपर्यंत हवं, सहा इंचांच्या आसपास. दोरीची खाच फक्त कडांना, गोल कानशीने, दोन-तीन मिलिमीटर, तिरपी. पाठीवरून आडवी कापली की टोक उडतं.

पट्टी चालते, पण तिच्यातल्या रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग जायला हव्यात. मधेच कडेला बाहेर पडणारी रेषा असेल तर मोड तिथंच. धामण मिळाली तर सोनं, धनुष्याचं जुनं लाकूड तेच. मात्र जंगलातून परवानगीशिवाय तोडू नको.

तापीकाठ
ओढ मोजायला भाजीवाल्याचा लटकता काटा पुरे. तुझा ताण, म्हणजे दोरी मागे ओढायचं अंतर, २६ इंच धर (पसरलेल्या हातांची लांबी भागिले अडीच). २६ इंचांवर ११ किलो आले की २४ पौंड झाले, तिथं थांब. पोटावर नखासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तो तंतू दबून मोडला, दोरा गुंडाळून उपयोग नाही. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नको.