मुलांसाठी वाचनालयातून कोणती पुस्तकं आणता? अनुभव सांगा

परळ, शनिवारी बालविभागात बसणारी

मे महिना लागला की बालविभागाच्या टेबलापुढे पालक येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "मुलगा आठ वर्षांचा आहे, काय देऊ?" इयत्ता विचारून चप्पल द्यावी तसं होतं ते. मी आधी विचारते, घरी मराठी बोलता का आणि शाळेत मराठी कितवीपासून आहे?

आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली. आजीशी तासभर मराठीत भांडतील, मोठ्यांनी मारलेला टोमणासुद्धा त्यांना बरोबर कळतो. पण छापलेलं पान समोर आलं की पहिल्या जोडाक्षराला गाडी अडते. त्यांच्या वयाचं पुस्तक वाचायला दिलं तर तिसऱ्या ओळीत दमतात. झेपेल असं दिलं तर "हे बाळाचं आहे" म्हणून बाजूला सारतात. म्हणून मी दोन पुस्तकं न्यायला सांगते. एक घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवायचं, मुलाच्या समजेला साजेसं, थोडं वरचंच. दुसरं त्याने स्वतः वाचायचं, एका बैठकीत संपणारं.

हे मला बालविभागात बसून सुचलं. तुमच्या घरी काय चाललं, कोणत्या वयाला, कसं, ते लिहा. नुसती नावांची यादी नको. मूल कसं आहे तेही सांगा, म्हणजे दुसऱ्याला अंदाज येईल.

बोरिवली, तिसरीतल्या मुलीची आई

दोन पुस्तकांचं अगदी पटलं. आम्ही स्वतः वाचण्यासाठी माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'पासून सुरुवात केली. राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, एवढंच. चित्रं भरपूर, मजकूर थोडा, आणि वाक्यं आपण घरात बोलतो तशी. लेकीला सगळ्यात आवडलं ते हे की त्यात कोणी राजा नाही, परी नाही, आपल्यासारखीच माणसं आहेत. मग त्यांच्याच 'यश'च्या गोष्टी आणल्या.

वाचताना ती ओळीखालून बोट फिरवते. एकदा एका पानावर 'स्वयंपाकघर' आलं. बोट 'स्व'खाली थांबलं. स, व, यं, असं पुटपुटत राहिली, मी मुद्दाम काही बोलले नाही. मग एकदम मान वर करून म्हणाली, "अगं, हे तर आपलं स्वयंपाकघर!" शब्द तिला जन्मापासून माहीत होता, कागदावर पहिल्यांदा भेटला. तेव्हापासून ती अडली की मी लगेच शब्द सांगत नाही, चार श्वास थांबते.

ऐकायला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. या गोष्टी मुळात आकाशवाणीसाठी लिहिलेल्या, त्यामुळे मोठ्याने वाचताना जीभ कुठे अडखळत नाही आणि संवादांत आवाज बदलायला मजा येते. एका रात्री एक गोष्ट पुरते.

विलेपार्ले, आजोबा

नातू पाचवीत. त्याला मी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचून दाखवतो. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा किडकिडीत मुलगा आजही मुलांना तितकाच आवडतो. त्याचं "ट्टॉक्" तर घरात सगळेच म्हणायला लागले आहेत.

एक सांगतो. जुन्या पुस्तकांत तार येते, ट्रंककॉल लागतो, आणेली-पावली असते. ते पाहून काही पालक म्हणतात, मुलांना कळणार नाही, नवीन काहीतरी द्या. मला उलटा अनुभव आला. "तार म्हणजे काय?" यावर आमच्या अर्धा तास गप्पा झाल्या. तारसेवा 2013 साली बंद झाली, म्हणजे या मुलांनी ती पाहण्याचा प्रश्नच नाही. समजावून सांगणारं कोणी शेजारी बसलेलं असेल तर जुनं पुस्तक जड जात नाही. मुलाच्या हातात नुसतं ठेवून दिलं तर मात्र जातं.

भांडुप, पालिकेच्या शाळेतली शिक्षिका

माझ्या वर्गात चित्र वेगळं आहे, म्हणून लिहिते. शाळा मराठी माध्यमाची, पण घरी कोणाकडे अहिराणी, कोणाकडे वडारी, कोणाकडे हिंदी. काही मुलं अक्षरं खडखडीत वाचतात, पण काय वाचलं विचारलं की गप्प. तिथे ऐकायचं पुस्तकसुद्धा सोपं लागतं आणि चित्रांवर आधी बोलून घ्यावं लागतं. प्रथम बुक्सची पुस्तकं मला सर्वात उपयोगी पडली. स्वस्त आहेत, टाइप मोठा आहे आणि पुस्तकावर एक ते चार अशी पातळी दिलेली असते. त्यांचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे, तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. मी त्या वर्गातल्या पडद्यावर लावते आणि सगळा वर्ग मिळून वाचतो. ज्याला एकट्याने वाचायची भीती वाटते तोही या गलक्यात वाचून जातो.

पण पुस्तक घरी नेण्याबद्दल एक गोष्ट इथे मांडायलाच हवी. वर्गातल्या पेटीतून पुस्तकं घरी दिली की ती जशीच्या तशी परत यायची, न उघडलेली. घरी विचारलं तेव्हा कळलं, पुस्तक फाटलं तर पैसे भरावे लागतील या धास्तीने आया ते फडताळावर वर ठेवून द्यायच्या. दहा बाय दहाची खोली, लहान भावंडं, पावसाळ्यात गळणारं छत. भीती साहजिक होती. मग पालकसभेत मी स्पष्ट सांगितलं, पुस्तक फाटलं तर आपण चिकटवू, एक रुपया कोणाला पडणार नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला खळ आणि पांढरा कागद घेऊन मुलं आता स्वतः पानं चिकटवतात. पुस्तकं फाटून यायला लागली, कडेला तेलाची बोटं उमटून यायला लागली. घरी वाचली जातात याचा मला मिळालेला तो पहिला पुरावा. वाचनालयं चालवणाऱ्यांना कळकळीने सांगते, बालविभागाला दंड लावू नका.

परळ, शनिवारी बालविभागात बसणारी

भांडुपच्या बाई, दंडाचा मुद्दा मी आमच्या कार्यकारिणीपुढे ठेवते. इतकी वर्षं परत आलेल्या कोऱ्या पुस्तकांकडे पाहून "मुलं वाचत नाहीत" असंच सगळे म्हणत आले.

दादर, सहावीत आहे (आईच्या मोबाइलवरून)

मला ज्या गोष्टींच्या शेवटी मुलगा म्हणतो "मला माझी चूक कळली" त्या आवडत नाहीत. वाचनालयात मुलांच्या कपाटात तशीच पुस्तकं खूप आहेत.

मला आवडलेली: 'तोत्तोचान', कारण तिची शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते आणि मुख्याध्यापक पहिल्या दिवशी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतात. ती खरीच होऊन गेलेली शाळा आहे. फेलूदा, म्हणजे सत्यजित राय यांच्या रहस्यकथा, अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या. गोष्ट फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो, त्यामुळे आपणच त्याच्याबरोबर असतो असं वाटतं. एक गोष्ट तर मुंबईतच घडते. आणि संगीता बर्वे यांची 'पियूची वही', ती डायरीसारखी आहे. ती वाचून मीही वही लिहायला घेतली आहे.

मोठ्यांना विनंती: आम्ही कपाटापाशी असताना मागे उभं राहून "हे घे, ते घे" म्हणू नका.

गिरगाव, निवृत्त ग्रंथपाल

या मुलीने माझं काम सोपं केलं. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले दोन आम्ही नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाठ केले होते: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मूलही वाचकच आहे. पालकाशी बोलण्याआधी ग्रंथपालाने मुलाशी बोलावं. मी विचारायचो, "आधी कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंस?" काय आवडलं हे मुलं मोठ्यांना खूश करायला काहीही सांगतात. काय सोडलं ते मात्र खरं सांगतात आणि त्यातून पुढचं पुस्तक सापडतं. "फार माणसं होती, गोंधळ झाला" म्हणणाऱ्याला छोट्या सुट्या गोष्टी द्याव्यात. "काही घडतच नव्हतं" म्हणणाऱ्याला फास्टर फेणे द्यावा, किंवा सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध'.

दुसरं म्हणजे पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तारखांचा कागद पाहा. संगणक आलेल्या वाचनालयांत तो आता भरत नाहीत, पण जुन्या प्रतींवर असतो. शिक्के एकावर एक दाटीने पडलेले असतील तर ते पुस्तक मुलांनी एकमेकांना सांगून नेलेलं आहे, कोणत्याही परीक्षणापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक नाव आवर्जून सांगतो: 'हॅनाची सूटकेस', मराठी अनुवाद माधुरी पुरंदरे यांचा. टोकियोतल्या एका छोट्या संग्रहालयात ऑश्विट्झहून (तिथे नाझींची मृत्युछावणी होती) एक रिकामी सूटकेस येते, तिच्यावर एका मुलीचं नाव असतं, आणि तिथली मुलं विचारतात, ही कोण होती? मग शोध सुरू होतो. सत्यकथा आहे. शोधाची गोष्ट असल्याने मुलं खेचली जातात, पण त्या शोधाच्या टोकाला काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. घरच्यांनी आधी स्वतः वाचावं आणि मूल वाचत असेल तेव्हा घरात असावं. पुस्तक संपल्यावर ते काहीतरी विचारणार आहे, त्या वेळी "नंतर बोलू" म्हणू नये.

अंधेरी, चौथीतल्या मुलाचा बाबा

आमच्या चिरंजीवांना गोष्टी नकोतच. भरती कशी येते, लोकलला वीज कुठून मिळते, हे हवं. वाचनालयात मुलांचं म्हणजे कथा आणि कविता असं गृहीत धरलेलं असतं, माहितीची पुस्तकं मोठ्यांच्या दालनात. आम्हाला 'किशोर'चा आधार मिळाला. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. एका अंकात सगळं थोडं थोडं असतं, कंटाळा आला की पान उलटायचं. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही विज्ञानाची मराठी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. नारळीकरांची 'यक्षांची देणगी' मात्र सातवी-आठवीसाठी राखून ठेवली आहे. तोवर भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, 'चंद्रावर स्वारी', मी वाचून दाखवतो.

चेंबूर, आई

मदत हवी आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मराठी वाचतो बरं. पण त्याला फक्त भुतांच्या गोष्टी हव्यात. सासूबाई म्हणतात रात्री घाबरेल, देऊ नको. तो दुसरं काही उघडायलाच तयार नाही. काय करावं?

विलेपार्ले, आजोबा

द्या हो! विंदा करंदीकरांची 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ' आणा. कविता आहेत, हसून हसून पुरेवाट होते. सासूबाईंनाच वाचून दाखवायला सांगा.

दादर, सहावीत आहे

राजीव तांबे यांचं 'प्रेमळ भूत'. माझा भाऊ नऊ वर्षांचा आहे, तो वाचतो. त्यात भुताला कोणी घाबरत नाही.

गिरगाव, निवृत्त ग्रंथपाल

दोन्ही योग्य. एक-दोन वर्षांनी भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' द्या, 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तिला आहे. आजीची काळजीही रास्त आहे, म्हणून वाचायची वेळ संध्याकाळची ठेवा, झोपायच्या आधी दुसरं काही. आणि भुतांवरून त्याला लगेच 'चांगल्या' पुस्तकांकडे वळवायला जाऊ नका. नऊ वर्षांचा मुलगा एका विषयाची सगळी पुस्तकं मागतोय, वाचनालयाला याहून चांगला सभासद कुठे मिळणार?

परळ, शनिवारी बालविभागात बसणारी

चेंबूरच्या ताई, 'पिशी मावशी'ची आमची एकुलती प्रत सध्या बाहेर आहे, बुधवारी परत येईल. 'प्रेमळ भूत' कपाटात आहे, बाजूला काढून ठेवते. येताना मुलाला घेऊन या, आणि निवडू द्या त्यालाच.