फणसाच्या पाटांवर हाताने नावं रंगवायची आहेत, रंग फुटू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. हळदीचे आणि लग्नाचे पाट गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे करून घेतलेत, अजून पॉलिश केलेलं नाही. त्यावर वधूवरांची नावं मला ब्रशने लिहायची आहेत. लेझरने कोरून किंवा स्टिकर लावून हल्ली कुठेही मिळतं, पण हाताने लिहिलेला एक 'न' शेजारच्या 'न'सारखा हुबेहूब कधीच उतरत नाही आणि मला तेच हवंय.

उरलेल्या फळीवर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून ॲक्रिलिकने लिहून पाहिलं. शिरोरेषा लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच जाते, ती स्वच्छ येते. काना मात्र रेषांना आडवा जातो आणि त्याच्या दोन्ही कडांना केसासारखे बारीक धागे फुटतात. हे कसं थांबवायचं?

जागेचाही प्रश्न आहे. नावावर कोणी बसायचं नाही, असं आईने बजावलंय आणि मलाही ते पटतं. त्यामुळे पुढच्या कडेची दोन इंचांची पट्टीच काय ती उरते. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना जागा सोडली की मधल्या अक्षराला जेमतेम एक इंच मिळतो. त्यात तारीखही बसवायची आहे.

रंग ठरत नाहीये. फणस आत्ता पिवळाधमक आहे, त्यावर मरून फार सुरेख दिसतो. पण हे लाकूड पुढे तपकिरी होत जातं, तेव्हा मरून त्यात बुडून जाईल. क्रीम रंग तेव्हा उठेल, पण आज फिका वाटतो. शिवाय हळदीच्या दिवशी तेल, हळद, पाणी सगळं पाटावर सांडणार. वरून काय मारलं तर अक्षरं टिकतील? आणि अक्षरं छापून उतरवून घ्यायला कार्बन पेपर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, आधी ओल्या फडक्याने पाट पुसून घ्या. वाळल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतील, ते ३२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासा. मग पाण्यात मिसळणाऱ्या पीयूचा (पॉलियुरेथेन, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा) एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, पुन्हा हलका पेपर मारा आणि त्यावर लिहा. रंगाला लाकडात शिरायला वाटच उरत नाही, कडा सुरीने कापल्यासारखी येते.

खाली लाखेचं पॉलिश मारू नका. चपडा लाखेत मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही. अक्षरांवरून तर नकोच, त्यातलं स्पिरिट ॲक्रिलिक विरघळवतं. खाली-वर दोन्हीकडे तोच पीयू ठेवा, वरून मात्र दोन-तीन हात द्या. शेवटच्या हातानंतर आठवडाभर तरी पाट वापरू नका, हळद-तेलाला तोंड द्यायला तो पूर्ण कडक व्हायला हवा.

रंगाचं म्हणाल तर अक्षर क्रीमने भरा आणि भोवती मरूनची बारीक कड काढा. आज कड दिसेल, उद्या भरणी.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. कार्बन नको, त्याच्या मेणकट रेघेवरून रंग सरकतो आणि ती पुसतानाही डाग फिरतो. कागदावर नाव छापून घ्या, मागून मऊ पेन्सिल घासा आणि पाटावर ठेवून अक्षरांच्या कडेने गिरवा.

ब्रश लांब केसांचा घ्या, आखूड केसांच्या ब्रशला रंग सारखा पाजावा लागतो आणि काना मध्येच तुटतो. मी अक्षरं आधी पूर्ण करते, शिरोरेषा शेवटी एका दमात ओढते. करंगळी टेकवायला खाली एक पट्टी ठेवा.

तारीख त्या पट्टीत कोंबू नका. पाट उलटा करून खालच्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे लिहा, तिथे भरपूर जागा असते आणि झीजही होत नाही. हळदीचा पिवळेपणा थोडाफार राहिलाच तर पाट उन्हात ठेवा, उन्हाने तो डाग फिका पडतो.