मदत हवी आहे : मुलीने मैत्रिणीला दिलेल्या भेटीचे पैसे कोणी द्यायचे?

घोडबंदरवासी
माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या भेटीचे १२०० रुपये आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे आहेत आणि ते आम्ही द्यावेत की तिने, यावरून घरात दोन दिवस अबोला आहे. माझे म्हणणे असे की, मैत्रीण तिची आहे, तेव्हा पैसेही तिनेच द्यावेत; ह्यांचे म्हणणे असे की, जी मुलगी कमावत नाही तिच्याकडून अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे. मुलांना प्रेमाने समजवावे, हे मी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे.

सानपाड्याचा बाबा
१२०० रुपये एकट्या मुलीचे की वर्गणीचे? तिला दरमहा ठरावीक हातखर्च मिळतो का? मिळत नसेल, तर तिने पैसे आणायचे कुठून?

घोडबंदरवासी
पाच जणींनी मिळून ६००० रुपयांचे घड्याळ दिले, त्यातला हा वाटा आहे. हातखर्च ठरलेला नाही, लागतील तसे पैसे आम्ही देतो.

पाचपाखाडीकर
मी तेहतीस वर्षे शिकवले, त्या अनुभवावरून सांगतो. शाळकरी मुलांनी विकतची भेट देऊच नये. मुलीला स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र करायला सांगा. जांभळी नाक्याच्या बाजारात कार्डशीट आणि रंग शंभर रुपयांच्या आत मिळतील आणि पैशांचा प्रश्नच उरणार नाही.

वाशी सेक्टर नऊ
सर, त्यांनी "घड्याळ दिले" असे लिहिले आहे, म्हणजे खरेदी होऊन गेलेली आहे. ताई, मग हे पैसे नेमके कोणाला पाठवायचे आहेत, आणि आजच का?

घोडबंदरवासी
मुली रविवारी मॉलमध्ये गेल्या होत्या, तेव्हा एका मैत्रिणीच्या आईने सगळे पैसे भरले. त्यांनी आज सकाळी नम्रपणे आठवण केली. हे आधी लिहिले नाही, कारण प्रश्न त्या बाईंचा नसून आमच्या घरातला आहे.

वाशी सेक्टर नऊ
तसे असेल तर आज तुम्ही पैसे पाठवून द्या. तुमच्या घरातला वाद मिटेपर्यंत त्या माउलीने का थांबावे? शेवटी ते पैसे कोणाच्या खाती मांडायचे, ते उद्या घरात बसून ठरवता येईल.

कायद्याची बाजू
भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. तुमची मुलगी अठरा वर्षांखालील असल्याने तिने मैत्रिणीला दिलेला शब्द कायद्याने तिच्यावर बंधनकारक ठरत नाही.

सानपाड्याचा बाबा
वकीलसाहेब, त्या दोघी उद्या पुन्हा एकाच बाकावर बसणार आहेत. तिथे हे कलम काय कामाचे?

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे की, पैसे पालकांनीच द्यावेत. आपल्याकडे लग्नात कोणी काय दिले, ते आहेराच्या वहीत घराच्या नावाने लिहिले जाते आणि फेडतेही ते घरच. मुलीच्या वाढदिवसाला या चौघींनी काय दिले होते, आणि त्याचे पैसे कोणी भरले होते?

घोडबंदरवासी
हेडफोन दिले होते. पैसे कोणी भरले, हे मी कधी विचारले नाही.

ऐरोलीकर
यूपीआय सर्कल वापरा. तुमच्या खात्यातून मुलीला खर्च करता येतो. महिन्याची मर्यादा तुम्ही ठरवायची, ती जास्तीत जास्त १५००० रुपयांपर्यंत ठेवता येते. नाहीतर प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागेल, असाही पर्याय आहे. आमच्या घरी यामुळे रोजची मागणी बंद झाली.

नेरूळची आई
त्याने पैसे देण्याची सोय होईल, पण ते कोणाचे, हा प्रश्न तसाच राहील. ताई, मला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. भाऊबीजेला, वाढदिवसाला, मामा-आत्यांकडून मुलीला जी पाकिटे मिळाली, एक रुपयाचे नाणे चिकटवलेली, त्यांतले पैसे आज कुठे आहेत?

घोडबंदरवासी
तिच्या नावाच्या बचत खात्यात आहेत, साधारण ३४००० रुपये. व्यवहार मी पाहते. ते तिच्या शिक्षणासाठी राखून ठेवले आहेत.

नेरूळची आई
म्हणजे तिच्याकडे पैसे आहेत, पण त्यांना हात लावण्याची तिला मुभा नाही, आणि तरीही भेट तिने स्वतःच्या पैशांतून द्यावी, अशी आपली अपेक्षा आहे. तिने नेमके काय करावे? दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवू देण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, त्यामुळे हळूहळू काही भाग तरी तिच्या हाती सोपवा.

माझ्या मुलाला मी आठवीपासून महिन्याला ८०० रुपये देते आणि मित्रांच्या भेटी त्यातूनच द्यायच्या, असे ठरले आहे. पहिल्याच महिन्यात त्याने वीस तारखेपर्यंत सगळे संपवले आणि नेमका जिवलग मित्राचा वाढदिवस आला. डब्यात उरलेल्या दहा-दहाच्या नोटा त्याने पलंगावर मांडून दोनदा मोजल्या. मग त्या मित्राच्या बॅटची मूठ झिजली होती, हे आठवून त्याने नवी रबरी ग्रिप आणली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी पैसे पुढे केले असते, तर त्याने मित्राच्या बॅटकडे पाहिलेच नसते.

सानपाड्याचा बाबा
तुमच्या मुलाने एकट्याने भेट दिली, म्हणून ते जमले. पाच जणींत चौघींनी ६००० चा आकडा ठरवला, तर पाचवी नाही कशी म्हणेल? त्या वयात गटातून बाजूला पडण्याची भीती फार खरी असते.

नेरूळची आई
म्हणूनच तिच्याजवळ आकडा असायला हवा. "माझ्याकडे ३०० आहेत" असे सांगणे "आईला विचारते" यापेक्षा पुष्कळ सोपे जाते.

घोडबंदरवासी
पैसे पाठवले. मुलीशीही बोलले. ती म्हणाली, "माझ्या पाकिटांतले घे, असे मी शनिवारीच म्हटले होते, तू ते पैसे शिक्षणाचे आहेत म्हणून विषय बंद केलास." ती तसे म्हणाली होती, हे खरे आहे, आणि मी तुम्हाला ते सांगितले नव्हते. या वेळचे १२०० रुपये आम्हीच द्यायचे, असे ठरले आहे. पुढच्या महिन्यापासून ७०० रुपये द्यावेत, असा विचार आहे. ते ठाण्यात पुरतील का?

वाशी सेक्टर नऊ
क्लासला जाण्यायेण्याचा रिक्षाखर्च त्यात धरला आहे का?